पुलाचा हिशेब

स्मरणिकेसाठी लेख पाठवावा, असे शाळेचे पत्र आले तेव्हा आम्ही पाच माजी विद्यार्थ्यांनी मिळून एकच लेख लिहावयाचे ठरविले. आमच्यापैकी दोघे स्थापत्य अभियंते आहेत, एकजण आयटीआय झालेला फिटर, एकजण सर्वेक्षणाच्या कामातला आणि एक विज्ञान-शिक्षिका. वसतिगृहातील दिवस, गुरुजनांचे ऋण, पहाटेची घंटा यांविषयी याच अंकात इतरांनी आमच्याहून चांगले लिहिले असेल. ज्या विषयात आमचे हात आणि डोके दोन्ही गुंतलेले आहेत, त्या पुलांच्या विषयावर आपल्या धाकट्या भावंडांशी चार गोष्टी बोलाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ठाणे, कळवा, मुंब्रा, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला पुलाचे महत्त्व पुस्तकातून शिकावे लागत नाही. एका अंगाला ठाण्याची खाडी, दुसऱ्या अंगाला उल्हास नदी आणि मधून धावणारे रेल्वेचे रूळ. पाणी किंवा रूळ ओलांडल्याशिवाय आपला दिवस पुरा होत नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ठाण्यापर्यंत आली आणि तेथेच थांबली, कारण पुढे खाडी होती. खाडीवर पूल झाला तेव्हा १८५४ साली गाडी कल्याणला पोहोचली. आज लोकलच्या दारात लटकून खाडी ओलांडणाऱ्या कोणाला हे आठवत नसेल. तथापि आपल्या गावांची आजची वस्ती, बाजार, नोकऱ्या या सगळ्यांच्या मुळाशी ते एक वर्ष आहे.

पूल असताना तो कोणाच्या ध्यानात नसतो. नसताना मात्र सर्वांच्या तोंडी असतो. कल्याणच्या पत्री पुलाने हे आपल्या डोळ्यांदेखत सिद्ध केले. १९१४ साली बांधलेला हा लोखंडी पूल वाहतुकीस धोकादायक ठरून २०१८ साली बंद झाला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पाडण्यात आला. त्यानंतरची दोन वर्षे ज्यांनी कल्याण-शिळ रस्त्यावर काढली, त्यांना त्या कोंडीचे वर्णन सांगण्याची गरज नाही. रिक्षात अडकलेले रुग्ण, परीक्षेला उशीर होईल म्हणून रिक्षातून उतरून धावणारी मुले, हे सारे आम्ही पाहिले आहे. नव्या पुलाची सुमारे ७६ मीटर लांबीची आणि सुमारे ७०० टन वजनाची तुळई नोव्हेंबर २०२० मध्ये रेल्वेचे मेगाब्लॉक घेऊन रुळांवरून इंच-इंच पुढे सरकविण्यात आली. तेव्हा घराघरांत लोक मोबाइलवर ते दृश्य पाहात होते. २५ जानेवारी २०२१ रोजी पूल खुला झाला. लांबीने तो काही मोठा पूल नव्हे. परंतु एका तुळईला ७६ मीटर पलीकडे न्यायचे म्हणजे काय असते, हे त्या दिवसांत कल्याणच्या शाळकरी पोरालाही कळले.

आता कल्पना करा, की हेच अंतर ७६ मीटरऐवजी २५० मीटर आहे, खाली रुळांऐवजी समुद्र आहे, आणि मध्ये कोठेही खांब रोवावयाचा नाही. साधी तुळई तेथे पुरी पडत नाही. ती इतकी जाड करावी लागते, की स्वतःचे वजन पेलण्यातच तिची शक्ती संपते. अशा ठिकाणी केबल-स्टेड पूल बांधतात. मुंबईचा वांद्रे-वरळी सागरी सेतू हे त्याचे आपणां सर्वांच्या परिचयाचे उदाहरण होय.

या पुलाचे तत्त्व समजण्यासाठी वर्गात एक प्रयोग करता येतो. दोन्ही हात आडवे पसरून उभे राहा आणि प्रत्येक मनगटाला पुस्तकांची एकेक हलकी पिशवी अडकवा. मिनिटभरातच खांदे भरून येतील. आता डोक्यावर चुंबळ ठेवा, तिच्यावरून एक दोरी घ्या आणि दोरीची दोन टोके दोन्ही मनगटांना बांधा. खांद्यांचा भार हलका होतो. पिशव्यांचे ओझे दोरीतून डोक्यावर, मानेतून कण्यात आणि पायांतून जमिनीत जाते. शरीर हा मनोरा, हात हा पुलाचा डेक आणि दोरी ही केबल. मात्र नीट लक्ष दिल्यास आणखी एक गोष्ट जाणवेल. तिरपी दोरी हाताला नुसती वर उचलत नाही. ती त्याला खांद्याच्या दिशेने आत दाबतेही. केबल-स्टेड पुलाचा डेक असाच सतत मनोऱ्याकडे दाबला जात असतो. काँक्रीटला दाब सोसतो आणि ताण सोसत नाही, म्हणून हा दाब त्याला मानवतो. आता एका हातातली पिशवी कोणाला तरी एकदम काढून घ्यावयास सांगा. तोल जाऊन तुम्ही दुसऱ्या बाजूस कलता. या पुलाच्या बांधणीतील सर्वांत मोठी काळजी हीच असते.

झुलता पूल याहून वेगळा. त्यात एक मोठी वाकलेली केबल मनोऱ्यांवरून जाते, तिची टोके दोन्ही काठांवर घट्ट रोवलेली असतात आणि डेक तिला खाली टांगलेला असतो. केबल-स्टेड पुलात प्रत्येक केबल मनोऱ्यापासून थेट डेकपर्यंत येते. आधुनिक काळात या पद्धतीला चालना मिळाली ती १९५०च्या दशकात, स्वीडनमधील स्ट्रॉमसुंड येथील पुलाने. भारतात कोलकात्याचा विद्यासागर सेतू १९९२ साली खुला झाला; त्याचा मुख्य गाळा ४५७ मीटरचा आहे.

वांद्रे-वरळी सेतूची पायाभरणी १९९९ साली झाली. आरंभीचा अंदाज सुमारे ६६० कोटी रुपयांचा होता. काम पुरे होईपर्यंत खर्च सुमारे १६०० कोटींवर गेला. ३० जून २००९ रोजी चार मार्गिका खुल्या झाल्या आणि मार्च २०१० मध्ये आठही. एकूण लांबी सुमारे ५.६ किलोमीटर. त्यातील बहुतेक भाग ५० मीटरच्या साध्या गाळ्यांचा आहे. वांद्र्याच्या बाजूस ६०० मीटरचा भाग केबलवर तोललेला असून त्यात २५० मीटरचे दोन मुख्य गाळे आहेत. त्यांच्या मध्ये १२८ मीटर उंचीचा मनोरा उभा आहे. तेथे २६४ केबल आहेत; आखूड केबल सुमारे ८५ मीटरची, तर लांब केबल जवळजवळ २५० मीटरची. वरळीच्या बाजूस १५० मीटरचा मुख्य गाळा, ५५ मीटर उंचीचे मनोरे आणि १६० केबल आहेत.

आकडे वाचून माणूस थक्क होतो, परंतु थक्क होणे म्हणजे समजणे नव्हे. असा पूल उभा कसा राहतो, हे पायरीपायरीने पाहू. प्रथम समुद्राच्या तळात पाइल उतरवितात. वांद्रे-वरळीच्या तळाशी बेसॉल्ट, टफ आणि ब्रेक्सिया असे निरनिराळे खडक आहेत. कोठे कठीण, कोठे झिजलेले. म्हणून चार पावलांवर पाइलची खोली बदलते. पाइलच्या डोक्यावर काँक्रीटचा जाड ठोकळा आणि त्यावर मनोरा. मनोऱ्याचे पाय तिरपे आहेत. ते वर जाता जाता एकमेकांजवळ येतात. तिरपा खांब ओतताना त्याचे साचे दर टप्प्याला नव्याने मापून बसवावे लागतात, कारण खाली झालेली बोटभर चूक वर गेल्यावर हातभर होते.

मग डेकची पाळी. किनाऱ्यावरील आवारात ओतलेले काँक्रीटचे सेगमेंट बार्जवरून मनोऱ्यापाशी आणतात. एक सेगमेंट एका बाजूस, मग तसाच दुसरा दुसऱ्या बाजूस, केबल बसवा, ताणा, आणि पुन्हा तेच. मनोऱ्याच्या दोन्ही बाजूंना डेकचे हात समुद्रावर लांबत जातात आणि त्यांची टोके कित्येक महिने अधांतरी असतात. पुरा झालेला पूल सुरक्षित असतो. अर्धा झालेल्या पुलाला वारा, लाटा आणि असमान ओझे या तिन्हींची भीती असते. अशा कामावर डेकवर कोणती क्रेन कोठे उभी आहे, सळयांचा गठ्ठा कोठे टाकला आहे, याचीही नोंद ठेवावी लागते. गठ्ठा चुकीच्या टोकाला पडला तर पिशवी एकाच हातात आल्यासारखे होते.

आमच्यातील सर्वेक्षकाला या कामातील पहाट विशेष आवडते. दिवसा उन्हाने केबल लांबतात, डेकची वरची बाजू तापते आणि टोक खालीवर होते. म्हणून अशा पुलांची उंची सूर्योदयापूर्वी मोजतात, जेव्हा सर्व भागांचे तापमान जवळपास सारखे असते. त्या मापावरून पुढच्या केबलला किती ताण द्यावयाचा हे ठरते. नवीन केबल ताणली की जुन्यांचा ताण बदलतो. मग त्या पुन्हा तपासावयाच्या. सोणाला सांगितलेली वीणेची गोष्ट आपण सर्वांनी परिपाठात ऐकली आहे: तार फार ताणली तर तुटते, सैल सोडली तर वाजत नाही. पूल पाहिल्यावर त्या गोष्टीचा आणखी एक अर्थ आमच्या लक्षात आला. २६४ केबलना एकच ताण देऊन चालत नाही. मनोऱ्याजवळची केबल उभी आणि आखूड, टोकाची लांब आणि आडवी. प्रत्येकीचा योग्य ताण तिच्या जागेवरून आणि तिच्या वाट्याच्या ओझ्यावरून ठरतो, आणि तो मोजून काढावा लागतो.

येथे आमच्यातील एकीच्या वडिलांची हकीकत सांगावीशी वाटते. त्यांनी वीसेक वर्षे पुलांवर सळया बांधण्याचे काम केले. शिक्षण चौथीपर्यंत, परंतु सळयांचा तक्ता हातात आला की कोणती सळई कोठे वाकवायची, किती अंतरावर बांधायची, हे ते नकाशावरची चित्रे पाहून सांगत. एक गोष्ट मात्र त्यांना कधी कोणी सांगितली नव्हती. खांबाच्या माथ्यावर आले, की डेकच्या वरच्या थरात सळया एकदम दाट होतात. आकडा टाकायला जागा मिळत नाही, बोटे सोलून निघतात. गाळ्याच्या मध्यभागी मात्र दाट सळया खालच्या थरात असतात. हे असे का, असा प्रश्न त्यांना पडत असे. तो विचारण्याजोगा मुकादम भेटला नाही. मुलगी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला होती तेव्हा एका रविवारी तिने स्वयंपाकघरातील लवचीक पट्टी दोन डब्यांवर आणि मध्ये तिसऱ्या डब्यावर ठेवून वडिलांना दाखविली. पट्टीवर दोन्ही गाळ्यांत भार दिला की ती मध्ये खाली वाकते आणि तिथे खालची बाजू ताणली जाते. मधल्या डब्यावर मात्र ती उलटी वाकते आणि वरची बाजू ताणली जाते. जेथे ताण, तेथे सळई. वडिलांनी पट्टी स्वतः दोनतीनदा दाबून पाहिली. म्हणाले, “म्हणून तिथं एवढी गर्दी असायची व्हय.” नंतर बराच वेळ ते आपल्या बोटांकडे पाहात बसले.

त्या बोटांनी बांधलेले पूल आजही उभे आहेत. मजुराला कारण माहीत नसले तरी पूल उभा राहतो. परंतु कारण माहीत नसणे ही त्याच्या बुद्धीची मर्यादा नव्हती. त्याला ते सांगावयाचे नाही, किंवा सांगण्याची गरज नाही, असे कोणीतरी कधीतरी ठरविले होते. हा फरक आम्हांला फार महत्त्वाचा वाटतो, आणि या लेखात जे सांगावयाचे आहे ते एवढेच आहे.

दोन वर्षांपूर्वी आम्ही शाळेत येऊन आठवी-नववीच्या मुलांसमवेत केबल-स्टेड पुलाची प्रतिकृती केली. बांबूच्या कामट्यांचा मनोरा, पुठ्ठ्याचा डेक, पतंगाचा साधा दोरा. सागरी सेतूची सारी माहिती सांगून झाल्यावर मागच्या रांगेतील एका मुलीने विचारले, “दादा, त्या पुलावरून चालत जाता येतं का?”

येत नाही. सेतूवर पादचाऱ्यांना, दुचाकींना आणि रिक्षांना मनाई आहे. फक्त दरवर्षी जानेवारीतील मॅरेथॉनच्या सकाळी धावणाऱ्यांची पावले त्यावर पडतात. मुलीचा पुढचा प्रश्न अधिक अवघड होता: “का? माणसांचं वजन झेपत नाही का त्याला?”

आम्ही पाचही जणांनी एकमेकांकडे पाहिले. उत्तर देण्यास आनंद झाला, कारण तिने नेमका फरक पकडला होता. पुलांच्या भाराविषयी आपल्या देशात भारतीय रस्ते काँग्रेसची संहिता आहे. तीत चालणाऱ्या माणसांचा भारही धरलेला आहे: पायवाटेच्या दर चौरस मीटरला ४०० किलो, आणि जेथे गर्दीचा संभव तेथे ५०० किलो. म्हणजे माणसांचे वजन हा अभियांत्रिकीला न सुटणारा प्रश्न नाही. पायवाट ठेवावयाची तर डेक थोडा रुंद होतो, केबलचा ताण थोडा वाढतो, खर्च वाढतो. हे सारे कागदावर मांडता येते. सेतू वेगवान मोटारींसाठी आखला गेला. समुद्रावरचा वारा आणि मोटारींचा वेग पाहता दुचाकींना आणि चालणाऱ्यांना मज्जाव करण्यामागे सुरक्षिततेचा विचार आहे, तो खोटा नाही. परंतु तो कोणासाठी आखावा, हा निर्णय माणसांनी घेतलेला होता. तो वाऱ्याने घेतला नव्हता आणि गुरुत्वाकर्षणानेही नव्हे.

मुंबईला असा निर्णय नवीन नाही. याच वांद्र्याच्या खाडीवर, माहीमच्या बाजूस, १८४५ साली एक बांध-रस्ता पुरा झाला. सरकारने पैसे देण्याचे नाकारले तेव्हा लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाय यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले. अट एकच होती: या वाटेवर कोणाकडूनही पथकर घेऊ नये. त्यापूर्वी नावेतून खाडी ओलांडताना माणसे बुडत असत. दगडमातीच्या त्या रस्त्याची रचना सागरी सेतूच्या तुलनेत अगदी साधी. पण तेथून कोणी जावे, याचा विचार त्याच्या पायातच घातलेला होता.

आणि निर्णय बदलतातही. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाचा पूल वांद्रे-वरळी सेतूला जोडला जाणार होता, तेव्हा वरळी कोळीवाड्यातील मच्छीमारांनी विचारले, की दोन खांबांमधील ६० मीटरच्या अंतरातून भरतीच्या वेळी आमच्या नौका सुरक्षित कशा जाणार? त्यांना प्रवाहाची आणि वाऱ्याची माहिती पिढ्यान्‌पिढ्यांची होती. प्रदीर्घ आंदोलनानंतर हे अंतर १२० मीटर ठेवण्याचे मान्य झाले. ६० मीटरचा गाळा १२० मीटरचा करणे हे अभियंत्यांना अशक्य नव्हते. कोणीतरी ते नेमक्या शब्दांत मागावे लागले, एवढेच.

आपल्या शाळेत येणारी बरीच मुले बांधकामावरच्या, वीटभट्टीवरच्या, रेल्वेच्या कंत्राटी कामावरच्या आईबापांची आहेत. त्यांच्यातून अभियंते व्हावेत, अशी आमची इच्छा आहेच. फिटर, वेल्डर, रिगर व्हावेत, यातही आम्हांला कमीपणा वाटत नाही; केबल ताणणाऱ्या जॅकपाशी उभा असलेला माणूस दोन मिलिमीटर चुकला तर कार्यालयातील गणित कोणाच्या उपयोगाचे नाही. परंतु ज्या जागी जाल त्या जागी दोन गोष्टींतील भेद ओळखत राहा. काही गोष्टी होऊच शकत नाहीत, कारण पोलाद तेवढा ताण सोसत नाही किंवा खडक तेवढा भार घेत नाही. त्यांच्यापुढे नम्र राहावे. काही गोष्टी मात्र होऊ शकतात, पण तसे करावयाचे नाही असे कोणीतरी ठरविलेले असते. दोन्हींना लोक एकाच शब्दात ‘शक्य नाही’ म्हणतात. कोणते ‘शक्य नाही’ कोणत्या जातीचे, हे ज्याला गणित येते त्यालाच ठामपणे सांगता येते. म्हणून गणिताचा कंटाळा करू नका.

ती प्रतिकृती अद्याप प्रयोगशाळेतील कपाटावर आहे. मागच्या खेपेस आलो तेव्हा मुलांनी तिच्या एका कडेला पुठ्ठ्याची अरुंद पट्टी चिकटवून पायवाट केलेली दिसली. त्यामुळे डेक त्या बाजूस किंचित कलला होता. दुसऱ्या कडेलाही तेवढीच पट्टी लावावी, की त्या बाजूचे दोरे अधिक ताणावेत, यावर नववीच्या वर्गात दोन पक्ष पडले आहेत, असे कळले. दोऱ्यांचा ताण मोजण्यासाठी त्यांनी भौतिकशास्त्राच्या कपाटातून ताणकाटा मागून घेतला आहे आणि पहिल्या आठ दोऱ्यांची मापे फळ्यावर लिहून ठेवली आहेत.